खुर्चीखालची वायर

डिझाइन शिकणाऱ्या दिराने कॉलेजच्या प्रयोगासाठी घरातल्या प्रत्येकाच्या ठरलेल्या खुर्चीखाली सेन्सर चिकटवला. कुणी बसलं, की त्याच्या खोलीतल्या बोर्डावर त्या माणसाचा दिवा लागायचा. वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. सासूबाईंनीच आपल्यावर पाळत ठेवायला सांगितलं असणार! त्यात तो सारखा तिच्याच खुर्चीखाली डोकं घालून काहीतरी खुडबुड करताना दिसायचा.

शेवटी तिने त्याला गाठलंच. "खरं सांग, मी किती वेळ बसून असते ते आईंना सांगतोस ना?"

तो गोंधळला.



"नाही गं वहिनी! तुझा दिवा कधी लागतच नाही, म्हणून मी सेन्सर बदलला, वायर बदलली… बिघाड काही सापडत नाहीये."