निरोगी डोळा

"डोळा मिटायचा नाही," मनासे आपटेकर म्हणाला.

शुक्राने मिटला नाही. डाव्या डोळ्यावर तळहात आणि लाकडी पट्टीवर हनुवटी ठेवून तो जर्मन कॅमेऱ्यासमोर बसला होता. लखकन उजेड पडला. या उजेडाला पनवेलचे भलेभले दचकत. कचेरीतले हेडक्लार्क तर खुर्चीसकट मागे गेले होते. शुक्राची पापणीसुद्धा हलली नाही.

"झालं," मनासे म्हणाला.

"झालं? मला वाटलं, अजून चालूच नाय केलात."

मनासेने मनातल्या मनात त्याला सलाम ठोकला आणि बिडीचं बंडल दिलं.

डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारा हा कॅमेरा धर्मार्थ दवाखान्यात एका मोठ्या डॉक्टरांनी आणला होता. पुढे ते व्हिएन्नाला शिकायला गेले. कॅमेरा राहिला, आणि तो चालवणारा मनासे राहिला. जीवशास्त्राचा पदवीधर, फोटो धुण्यात पटाईत, आणि डॉक्टर परत येईपर्यंत एखादा शोध लावून ठेवावा अशा विचाराचा.

रोग शोधायचा तर आधी निरोगी डोळा हवा. तो कुणाचा घ्यायचा, हा प्रश्नच नव्हता. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या कातकरवाडीतला शुक्रा गलोलीने उडतं पाखरू पाडायचा, तेही नेम धरताना एक डोळा न मिटता. शिवाय त्याची बाहुली वाढवायला औषधाचे थेंब लागत नसत. डावा डोळा झाकला की उजव्याची बाहुली आपसूक मोठी व्हायची, पाहुण्यासाठी दार उघडून ठेवल्यासारखी. आणि आतला फोटो! डोळ्यातून मेंदूकडे नस जाते, तिथला गोल पांढराशुभ्र, कडा कातरल्यासारख्या. पौर्णिमाच.

मनासेने तो फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला. खाली लिहिलं, 'निरोगी डोळा'.

"हा मी?" शुक्राने मान तिरकी करून विचारलं होतं. "मग नाक कुटं हाय?"

त्यानंतर पनवेलकरांचे उजवे डोळे एकेक करून तपासले गेले. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर पहिल्याच बाईचा गोल करडा निघाला. दुसरीचा करडा. मग भाजीवाल्यांचे, मास्तरांचे, दोन वकिलांचे, सगळ्यांचे करडे. नसेतल्या पेशी मरायला लागल्या की गोल असा मळत जातो, असा सिद्धांत मनासेने मांडला. अख्ख्या गावाला हा रोग होता आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता.

"अहो, मी दिव्याशिवाय सुईत दोरा ओवते," गोदूबाई चिडून म्हणाल्या.

"सध्या ओवताय," मनासे हळहळून म्हणाला.

मग एके दिवशी त्याने कॅमेऱ्यात स्वतःचा डोळा घातला. आतापर्यंतचा सर्वांत करडा गोल त्याचाच निघाला. तो बराच वेळ फ्रेमसमोर उभा राहिला.

अबीगेलचं आणि त्याचं ठरलेलं होतं. दोघं पनवेलच्या बेने इस्राएल ज्यूंच्या एकाच आळीत वाढलेली. तिचे आईवडील इस्राएलला निघाले होते. लग्न करून ती इथे राहील, की त्यांच्याबरोबर जाईल, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर मनासेने डार्करूममध्ये धुऊन काढलं.

"तुझाही करडा आहे," त्याने तिचा फोटो उजेडात धरून सांगितलं. "पण सुरुवात आहे. तिकडे मोठे डॉक्टर आहेत, तुझे वाचतील."

"आणि तुझे?"

"माझे फार पुढे गेलेत."

"मनासे, काल प्रार्थनेला आपल्या इस्राएली मशिदीत तू शेवटच्या बाकावरून माझ्या बांगडीची चीर पाहिलीस."

"शेवटी असंच होतं. दिवा विझताना मोठा होतो."

"मग दोघं मिळून आंधळे होऊ. काठी एकच पुरेल."

"अबी, मी तुझ्या गळ्यात पडायचं आणि तू आयुष्यभर मला रस्ता ओलांडून द्यायचास? जा तू."

ती खूप भांडली, मग रडली, आणि मग तिने त्या फ्रेमकडे असं पाहिलं की काच तडकावी. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून घरी गोड पोह्यांचा मलिदा केला होता, त्यातला वाटीभर ती त्याच्या टेबलावर ठेवून गेली. त्याने तो खाल्ला नाही. मुंग्यांनी खाल्ला.

ती गेली त्या दुपारी शुक्रा बिडी मागायला आला. तेवढ्यात आभाळात घरघर ऐकू आली. सांताक्रूझहून सुटलेलं इस्राएलचं विमान पनवेलवरून जातं का, याची चौकशी मनासेने केली नव्हती. माणूस अशा वेळी चौकशा करत नाही. त्याने शुक्राला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं.

"शुक्रा, वर बघ. विमान दिसतंय?"

शुक्राने मान तिरकी केली. "हाय की. ते काय, चांदीवानी."

"असं नको. डावा डोळा मी तपासलेला नाही. तो झाक, उजव्याने बघ. ती पार दिसेनाशी होईपर्यंत कुणीतरी नीट बघायला हवं."

मनासेलाही तो ठिपका दिसत होता. त्याचे दोन पंख दिसत होते, शेपटीवरचा पट्टासुद्धा दिसत होता. पण रोगी डोळ्याची साक्ष कोण धरणार?

शुक्राने सरावाने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि तोंड वर करून उभा राहिला. घरघर डोंगरापलीकडे विरत चालली.

"कुठवर गेलं?" मनासेने विचारलं.

शुक्राने आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

"बोल रे. गेलं असेल तर गेलं म्हण. मी ऐकायला तयार आहे."

"साहेब, हात काढू का?" शुक्रा म्हणाला. "पोरपनी ताडावरून पडलो, तवापासून या उजव्या डोल्यानं मला काय बी दिसत नाय."