बरणी
पोलादपूरजवळच्या वाडीत कुणाच्या पायातून नारूचा जंत डोकावला, की तो काडीवर गुंडाळत अख्खा बाहेर काढावा ठमाबाईनंच. पायाची आग शमावी म्हणून ती माणसाला विहिरीच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसवायची. संशोधक कालिंदीताईंनी तीन वर्षांपूर्वी तिला सूक्ष्मदर्शकातून त्याच पाण्याचा थेंब दाखवला. पाण्यात सोडलेल्या पायातून जंताची पिल्लं विहिरीत उतरतात आणि तिथूनच सगळ्यांच्या पोटात जातात, हे तिला कळलं. दुसऱ्या दिवसापासून नारूचा पाय कुणी पाण्यात घालू नये म्हणून पायरीवर तिचाच पहारा बसला. दरवर्षी कालिंदीताई तिनं काढलेले नारू बरणीत भरून मुंबईच्या प्रयोगशाळेत नेत. यंदा ठमाबाईनं बरणी घासूनपुसून ऐटीत पुढे केली. "एक पन नाय गावला, ताई!" प्रयोगशाळेत साहेबांनी बरणी उजेडाला धरली. "यात तर काहीच नाही." "तेच तर आणलंय, सर," म्हणत कालिंदीताईंनी चिठ्ठी चिकटवली, "१९६२. नारू शून्य. संशोधक ठमाबाई."