जेट काढून पंखा

"अण्णा, तुम्ही फक्त सांगा, हात आम्ही लावतो," मोहनकुमार दारातून म्हणाला.

हंबीरराव भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते वळलेही नाहीत.

बंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या त्या सोसायटीत पाणी शिरून दुसरा दिवस होता. वीज नाही, लिफ्ट नाही, आणि मागच्या इमारतींभोवती छातीभर काळं पाणी. फाटक आणि त्यापलीकडचा उंचावरचा कोरडा रस्ता डोळ्यांसमोर होता, पण तिथवर पोचायची सोय नव्हती. हंबीररावांचा मुलगा गिरीराज आणि सून अक्षरा जयनगरला गेलेले, ते तिकडेच अडकले होते.

सोसायटीने मागच्या पुरानंतर एक जुनी बोट घेऊन ठेवली होती. तिच्या इंजिनाला पंख्याऐवजी जेट होता. जेट पाणी आत ओढतो आणि मागे फेकतो, म्हणून उथळ पाण्यात चांगला. पण या पाण्यात तलावातली जलपर्णी होती आणि अख्ख्या गावाच्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. जेटने तेही ओढलं आणि दहा हातांवर त्याचा घसा तुंबला. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मोहनकुमारने तो तीनदा साफ केला, तीनदा तो पुन्हा तुंबला. मूळ पंख्याचा पाय, म्हणजे इंजिनाखाली जोडायचा पंख्यासकटचा भाग, बोटीबरोबर खोक्यात आला होता. तो जोडता येणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर भिंत बघत पडला होता.

बसवनगुडीत हंबीररावांनी चाळीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली होती. हात थरथरायला लागला तसं मुलाने दुकान बंद करवलं आणि त्यांना या फ्लॅटमध्ये आणलं. हत्यारांची पेटी खाटेखाली गेली. दसऱ्याला त्यांच्या बायकोने, गोजराबाईंनी, तिला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. पाणी काल आलं होतं. हंबीरराव वर्षभर अडकलेले होते.

"माझ्याच्यानं होणार नाही," ते भिंतीला म्हणाले. "हातात पाना धरवत नाही."

गोजराबाई आतून आल्या. त्यांच्या हातात एक रिकामी बाटली होती.

"अहो, माझं इन्सुलिन संपलं," त्या म्हणाल्या. "सकाळचं घेतलं ते शेवटचं."

हंबीरराव उठून बसले.

"सहाव्या मजल्यावर नागराजअण्णांना शुगर आहे," मोहनकुमार म्हणाला. "त्यांच्याकडे मागून आणू, अक्का?"

"नको रे. त्यांचं त्यांना पुरू दे. आणि त्यांचं औषध निराळं असतं."

"फायर ब्रिगेडवाले उद्या सकाळी येतो म्हणालेत."

"उद्याचं उद्या," गोजराबाई म्हणाल्या. शेजारणीचं दुखणं सांगावं तशा शांतपणे त्या बोलत होत्या.

हंबीररावांनी बायकोकडे पाहिलं. घाबरले होते, ते लपत नव्हतं.

"पेटी काढ," ते म्हणाले.

चौघांनी इंजिन जिन्याने वर आणून व्हरांड्यात आडवं ठेवलं. हंबीरराव पाटावर बसले. जेटचे बोल्ट गंजले होते. आधी तेल, मग ठोका, मग पाना. मोहनकुमारने घाई केली की ते खेकसत.

"ओढू नकोस. स्वल्प फिरव, सोड, परत फिरव. नांगर धरलायस का?"

"सरी, सरी, अण्णा. हळू फिरवतो."

पाणी प्यायला म्हणून मोहनकुमार एकदा स्वयंपाकघरात शिरला, तर गोजराबाई मागोमाग गेल्या.

"त्या कोपऱ्यातल्या मडक्याला हात लावू नकोस हं. दही लावलंय, हललं की बिघडेल."

"फ्रीज बंद असताना टिकेल, अक्का?"

"ओल्या वाळूत ठेवलंय. टिकतं."

जेट निघाला. आता पंख्याच्या पायाचा लांब दांडा इंजिनात बरोबर दात जुळवून बसवायचा होता. हंबीररावांचा हात थरथरला. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि बोटांनीच चाचपत दांडा वर सरकवला. खट्‌ झालं.

"चक्कर येतेय का गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"अजून नाही. तुम्ही काम बघा."

गिअरची कांब जोडली, पंखा चढवला, नट आवळला. नट अडवणारी पिन मात्र सापडेना. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. व्हरांडाभर शोधून झाल्यावर गोजराबाईंनी अंबाड्यातला आकडा काढून पुढे केला. हंबीररावांनी तो पकडीने वाकवून पिनेच्या जागी घातला. वर्षभरात ते पहिल्यांदा हसले.

दुपारी बोट निघाली. सुकाणूवर स्वतः हंबीरराव.

"पाण्यात माणूस दिसला की आधी इंजिन बंद," ते मोहनकुमारला बजावत होते. "हा पंखा आहे, जेट नाही. हात-पाय कापेल."

दोनदा जलपर्णी गुंडाळली. दोन्ही वेळा त्यांनी इंजिन बंद करून वर उचललं, पंखा मोकळा केला आणि पुढे गेले. बोट फाटकाकडे वळेपर्यंत गोजराबाई गॅलरीत कठडा घट्ट धरून उभ्या होत्या.

तासाभराने ते जिना चढून आले. नखशिखांत भिजलेले, धाप लागलेली, हातात रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानातून आणलेली इन्सुलिनची नवी बाटली.

"घे. आधी हे टोचून घे."

"जेवताना घेते. चार घास तुम्हीही खा."

"खायला वेळ कुठाय? पहिल्या मजल्यावरच्या पवित्राला बाळंतकळा सुरू झाल्यात, तिला फाटकापर्यंत सोडायचंय. मग तिसऱ्या इमारतीतले म्हातारे." ते जिन्यात पोचलेसुद्धा होते. "रात्रीपर्यंत संपत नाही हे. तू घे मात्र वेळेवर."

खालून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. पाठोपाठ हंबीरराव कुणाला तरी बोटीत कसं बसायचं यावरून झापत असल्याचाही आला. गोजराबाईंनी तो नीट ऐकून घेतला.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओल्या वाळूतल्या मडक्याचं झाकण काढून त्यांनी नवी बाटली आतल्या तीन भरलेल्या बाटल्यांशेजारी ठेवली आणि झाकण परत लावलं.