वकीलसाहेबांचा नमस्कार

"तिकडं जर्मनीत लोकांनी मधली भिंत हातानं फोडली," पारावरून व्यंकटराव वकील बोलत होते. "वर्षानुवर्षं तुटलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. आपल्या गावातली भिंत आपण कधी पाडणार?"

टाळ्या पडल्या. पहिली टाळी शेजारी बसलेल्या माणिकरावांची. जिंतूरकडच्या या गावातली मतं त्यांच्या शब्दावर पडत. नामांतराच्या दंगलीत दलित वस्तीतली घरं पेटवल्याच्या खटल्यात हेच माणिकराव आरोपी होते, आणि घरं जळालेल्यांच्या बाजूनं व्यंकटराव लढले होते. माणिकराव सुटले. आता व्यंकटराव आमदारकीला उभे होते, आणि प्रचाराची जीप माणिकरावांची होती.

सभा उठली तशा गर्दीतून धुरपताबाई पुढे आल्या. त्यांचं घर जळालं होतं. भर कोर्टात माणिकरावांकडे बोट करून साक्ष दिली ती त्यांनीच. तेव्हा तारखेला आल्या की कोर्टाच्या पायरीवर त्या हात जोडायच्या, आणि वकील त्यांच्याच शब्दांत उत्तर द्यायचे.

"जय भीम, वकीलसाहेब."

पारावरची कुजबुज थांबली. व्यंकटरावांना पुढच्या रांगेतले फेटे दिसले. शब्द ओठांपर्यंत आला होता.

"नमस्कार, बाई," ते म्हणाले. "बरं आहे ना?"

धुरपताबाईंचे हात जोडलेलेच राहिले. तेवढ्यात माणिकराव उठून मोठ्यांदा म्हणाले, "जय भीम, धुरपताबाई! वस्तीची समदी मतं वकीलसाहेबालाच पडली पाह्यजेत, बरं का!"

लोक हसले. दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या. धुरपताबाई माघारी वळल्या.

जीप गावाबाहेर पडल्यावर माणिकराव म्हणाले, "म्हणायला काय जातंय, वकीलसाहेब? तुमी लय मनाला लावून घेता."

व्यंकटरावांनी जीप थांबवायला लावली.

"अहो, पुढच्या गावाला लोक वाट बघायलेत!"

ते उतरले होते. वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांमधून एकटेच वस्तीकडे चालू लागले. पांढऱ्या धोतराला काटक्या अडकत होत्या; त्यांनी त्या सोडवल्या नाहीत.

धुरपताबाई दारात तूर पाखडत होत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"जय भीम, बाई," व्यंकटराव हात जोडून म्हणाले.

बाईंनी सूप खाली ठेवलं. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. ते पिऊन होईस्तोवर समोर उभ्या राहिल्या.

"इथं तर समदेच म्हणतेत, साहेब," त्या म्हणाल्या, आणि रिकाम्या तांब्यासाठी हात पुढे केला.