उजवीकडच्या ओळी

उजवीकडची वांगीसुद्धा हिरवीगार उभी होती, आणि ती पाहून केशवरावांनी ओळी पुन्हा एकदा मोजल्या.

पाहणीला आलेले तिघे अधिकारी बांधावर थांबले. समोर चाळीस ओळी. डावीकडच्या वीस ओळींना केशवरावांचं औषध, उजवीकडच्या वीस ओळींना नुसतं पाणी. सबंध रानात त्यांनी आपल्या हाताने मर रोगाची माती कालवली होती. औषधाची वांगी जगायची आणि पाण्याची माना टाकायची, एवढी साधी परीक्षा. इथे तर चाळीसही ओळी फुलावर आल्या होत्या.

"म्हणजे रोग आलाच नाही," त्यांतला थोरला म्हणाला. "मग तुमच्या औषधाने केलं काय?"

केशवरावांनी उजवीकडचं एक झाड उपटून पाहिलं; मुळं निरोगी होती.

सहा वर्षांपूर्वी अंबरपेठच्या अंगाला, मुसी नदीच्या घाण पाण्यात त्यांना तो सापडला होता. मर रोगाच्या जंतूला खाऊन जगणारा, जंतूहूनही कितीतरी बारीक जीव. ते त्याला 'भक्षक' म्हणत; त्यांचं औषध म्हणजे याच जिवाचं पाणी. काचेच्या बशीत वाढवलेला रोगाचा थर तो दिवसभरात खाऊन साफ करी. पण बशीतल्या करामतीला कोण विचारतो? शेतातली परीक्षा ही पहिलीच होती, आणि वेळ तर अशी की विचारू नका. साल छप्पन्न; एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. खुर्च्या, कपाटं, माणसं, सगळ्यांची वाटणी चालली होती. केशवरावांच्या वाट्याला परभणी आली होती. परीक्षा साधली तर भक्षकही त्यांच्याबरोबर जाणार होता. नाही साधली तर काम बंद, आणि सगळ्या शिश्या उकळून टाकायच्या.

अधिकारी गेल्यावर त्यांनी मनकर्णाबाईला हाक मारली. रानाला पाणी घालायचं काम तिचं.

मनकर्णा नांदेडकडची. संशोधन केंद्राच्या आवारात झाडलोटीला लागली तेव्हा व्हरांड्यात दोन माठ असत, एक सगळ्यांचा आणि एक तिच्यासारख्यांचा. केशवरावांनी दुसऱ्याच दिवशी तो वेगळा माठ पायरीवर आपटून फोडला, तिला आपल्या हाताने पेला भरून दिला आणि सगळ्यांना बजावलं, "या आवारात सगळ्यांना एकच पाणी." तेव्हापासून बाई त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. लागवडीच्या वेळी तेवढं तिने एकदा विचारलं होतं, "साहेब, उजवीकडच्यांनी काय पाप केलं?" केशवराव हसले होते. "अहो, ती मरायलाच लावलीत."

आता त्यांनी विचारलं, "बाई, औषधाचं लाल पिंप डावीकडे, पाण्याचं पांढरं उजवीकडे. असंच घातलंत ना?"

"व्हय साहेब," मनकर्णा मातीकडे बघत म्हणाली.

मग संशय घ्यायला उरले अप्पाराव. शेजारच्या खोलीत बसणारा हा माणूस इथलाच, इथेच राहणार, आणि केशवराव गेले की त्यांची खोली त्यालाच मिळणार. मातीत चुना टाकून रोग मारणं काय अवघड? ज्याला खोली हवी त्याला काम बुडालेलंच बरं. केशवरावांनी आठवडाभर हा विचार घोळवला, आणि घोळवता घोळवता तो त्यांना खरा वाटू लागला.

काम बंद झाल्याचा कागद दसऱ्यानंतर आला. त्याच दुपारी अप्पाराव दारात उभे राहिले.

"दिल छोटा नक्को करो केशवराव. एक शीशी मेरे पास छोड जाओ. बरफ में रखतूं मैं. आगे कभी देखेंगे."

"किस वास्ते?" केशवराव म्हणाले. "आप के नाम से छपवाने?"

अप्पाराव दारातूनच मागे फिरले आणि आपल्या खोलीत गेले.

एकतीस ऑक्टोबरला सकाळी केशवरावांनी सगळ्या शिश्या स्वतः वाफेच्या भांड्यात रचल्या. शिपायाला हात लावू दिला नाही. दाबाचा काटा चढेपर्यंत ते समोर उभे राहिले. दीड तासाने झाकण काढलं तेव्हा शिश्यांतलं पाणी होतं तसंच स्वच्छ दिसत होतं, फक्त आता ते पाणीच होतं. त्यांना रडू आलं. मग स्वतःचाच राग आला. निकामी औषधासाठी रडायचं काय, असं म्हणून त्यांनी तोंड धुतलं.

फाटकाशी मनकर्णा वाट बघत होती. पांढरं लुगडं, पदरात पाच-सहा वांगी. दसऱ्याला ती नागपूरला जाऊन आली होती.

"उजवीकडचीच हायत," तिने वांगी त्यांच्या पिशवीत घातली. "परभणीला बाईसाहेबांना द्या."

"देतो. सांभाळून राहा, बाई."

ती हलली नाही. "साहेब, दीक्षा घेतली म्या. आता खोटं बोलायचं न्हाई, असा शब्द दिलाय. आन् तुमच्यासंगं एक डाव खोटं बोलले."

"कसलं खोटं?"

"पिंपाचं." तिने मान वर केली. चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट काहीतरी चांगलं सांगायचं असल्यासारखा उजेड होता. "दोन्ही पिंपं म्या रोज हौदात एक करायची, आन् मग समद्या ओळींना घालायची. निम्मं निम्मंच आलं वाट्याला, पर एक झाड मेलं न्हाई, साहेब. तुम्हीच म्हणला व्हता की, या आवारात समद्यांना एकच पाणी."