पितळी बिल्ले

चौऱ्याऐंशीपैकी एकसष्ट. व्हर्ना ब्लेव्हिन्सने आकडे पुन्हा मोजले. उत्तर बदलले नाही.

मतदान शाळेच्या व्यायामशाळेत चालू होते. दारापासून नियमाइतके अंतर राखून तिने घडीचे टेबल मांडले होते आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती दोनच प्रश्न विचारत होती : मत कुणाला दिले, आणि का. याच शाळेत तिने एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले होते. तिला चुकवून जाण्याची कुणाची छाती नव्हती.

राज्याच्या सिनेटसाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक होती. पिजन फोर्कच्या खोऱ्यात ती जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक केवळ उपचारापुरती उरे. उमेदवार दोन : दवाखान्यातली परिचारिका ओपल टॅकेट आणि खाणीचा मालक प्रेस्टन हॉल्कम. आठ वर्षांपूर्वी हॉल्कमच्या खाणीच्या दुसऱ्या भागात मिथेनचा स्फोट होऊन चौदा माणसे गेली. व्हर्नाचा मुलगा क्लेटन त्यांतला एक. हॉल्कम न्यायालयातून निर्दोष सुटला आणि हसत बाहेर आला.

एकसष्ट मते त्या हॉल्कमची होती.

"तूसुद्धा, डेल्मा?" व्हर्नाने विचारले. डेल्मा कँट्रेलचा नवरा क्लेटनच्याच पाळीत होता.

"मीसुद्धा."

"का?"

"निवडून आला की खाली उतरावं लागेल त्याला. तीस वर्षांत एकदा उतरला नाही मेला."

ही इथली जुनी रीत होती. जिंकलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीबरोबर खाणीत जाई, इतरांसारखाच फळ्यावर स्वतःचा पितळी बिल्ला टांगे आणि कोळशाच्या भिंतीशी उभा राहून सगळ्यांशी हात मिळवी.

"ओपलही उतरली असती की."

"ती कशाला उतरायला हवी, बाई?" म्हणून डेल्मा निघून गेली.

पुढचा लॉनी म्हणाला, "मार्क कापू नका हं, बाई. किती पांढरे दात आहेत त्याचे! एकदा काळे झालेले बघायचेत." मागच्या रांगेतले दोघे हसले. हसू लगेच ओसरले.

व्हर्नाच्या वहीत कारणांचे तीन रकाने होते : रोजगार, पक्ष, राजधानीवरचा राग. एकसष्टांपैकी अठ्ठावन्न जणांनी यांतले एकही कारण दिले नाही. सगळ्यांचे एकच : तो खाली उतरेल. तिने चौथा रकाना आखला आणि वर लिहिले, 'भावनिक. विश्लेषणास निरुपयोगी.'

दुपारी आर्व्हिल स्टिल्टनर आला. रोज पाळीच्या आधी एकट्याने आत जाऊन वायू मोजायचा, हे त्याचे काम. कधीकाळी वर्गात तो क्लेटनच्या शेजारी बसत असे.

"पेपरोनी रोल आणलाय, बाई. सकाळपासून काही खाल्लं नसणार तुम्ही."

"उत्तर दे आधी."

"हॉल्कम." तो टेबलाच्या कडेवर टेकला. डोंगरापलीकडून खाणीच्या पंख्याची घरघर येत होती. खोऱ्यात ती रात्रंदिवस असे, म्हणून कुणाला ऐकू येत नसे. "चार वेळा नवा पंखा मागितला आम्ही. नाही म्हणाला. हा जुना थांबला ना, तर दुसऱ्या भागात चाळीस मिनिटांत मिथेनचा आकडा पाचावर जातो. पाच ते पंधरा टक्के, की ठिणगीला स्फोट. तुम्हीच शिकवलंत."

"आणि तरी त्याला मत दिलंस?"

"दिलं."

"एका हस्तांदोलनासाठी? क्लेटनला विसरलास तू, आर्व्हिल. सगळेच विसरलात."

आर्व्हिलने रोल तिच्यासमोर सरकवला. "खाऊन घ्या," एवढेच तो म्हणाला.

हॉल्कम एकाहत्तर टक्के मते घेऊन जिंकला.

सकाळी व्हर्ना खाणीवर गेली ती क्लेटनचा बिल्ला परत आणायला. कामगारांच्या दिव्यांच्या खोलीतल्या फळ्याच्या तळाच्या ओळीत स्फोटात आतच राहिलेल्यांचे चौदा बिल्ले तसेच टांगलेले होते. आत गेलेला माणूस बाहेर आल्याशिवाय त्याचा बिल्ला काढायचा नाही, हा खाणीचा नियम. ही माणसे आता तो बिल्ला सांभाळायच्या लायकीची नाहीत, असे तिचे मत झाले होते.

हॉल्कमचे सहायक आणि वार्ताहर फाटकाबाहेरच्या तंबूत न्याहारी करत होते. प्रशिक्षण नसलेल्यांना खाणीत उतरायला मनाई होती, मालकापुरती सूट. हॉल्कमने नवा कोरा बिल्ला वरच्या ओळीत टांगला, व्हर्नाला न ओळखता तिच्याशी हात मिळवला आणि पाळीतल्या अकरा जणांबरोबर बुटक्या गाडीत बसून अंधारात गेला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कुंपणाशी डेल्मा उभी होती. तिच्या मागे आणखी बारा घरची माणसे.

व्हर्नाने क्लेटनच्या बिल्ल्याला हात घातला. गंजलेल्या खिळ्याला तो घट्ट चिकटून बसला होता. ती कितीतरी वेळ तो हलवत राहिली.

पावले वाजली म्हणून तिने मान वर केली. बोगद्याच्या तोंडातून पाळी पायी परत येत होती. पुढे आर्व्हिल. त्याने खोलीत येऊन स्वतःचा बिल्ला काढला आणि पट्ट्याला अडकवला.

"आज राहू द्या तो, बाई," तो हळू म्हणाला.

मग लॉनीने आपला काढला. मग पुढच्याने. अकरावा बिल्ला निघाला तेव्हा व्हर्नाला काहीतरी वेगळे वाटले. काय, ते कळायला तिला क्षणभर लागले : पंख्याची घरघर थांबली होती.

तिने फळ्याकडे पाहिले. तळाच्या ओळीत चौदा. वरच्या ओळीत एक.