बॉनेटमधली मांजर

"एक महिना गाडी धुवाची नाही, कव्हर टाकाचं नाही, अन् मांजर तर बिलकुल चढू देऊ नका," पेंटर रोशनने बजावलं होतं. "रंग कच्चा आहे, भाऊ."

गल्लीतली पांढरी मांजर रोज सकाळी आमच्या बॉनेटवरच झोपायची. पण गाडी रंगवून आणली आणि मांजर दिसेनाशी झाली. एक ओरखडा नाही. मी खूश.

आठव्या दिवशी पाहिलं, तर बॉनेटवर काही नव्हतं. मात्र आत, नव्या रंगाच्या काळ्या चकाकीत, मांजर निवांत झोपली होती.

माझी बायको प्रेमिला हसली. "झोपू द्या नं जी तिले. पेंटले काही होऊन राहिलं का?"

तेही खरंच. आम्हाला सवय झाली.

महिना भरला. ओलं फडकं घेऊन मी बॉनेटवर वाकलो. चकाकीत माझं प्रतिबिंब होतं आणि त्याच्या खांद्यावर बसून ती जांभई देत होती.

माझ्या खांद्यात नखं रुतली, अगदी हळूच.